अडलंय कुठे?

वऱ्हाडात कोणी शेतात नवी मोटर बसवली, तर लोक मोटरची कंपनी नंतर विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘विहिरीले पानी किती हाये?’ तीन एचपीची काढून पाच एचपीची बसवली आणि झरा मात्र तेवढाच असला, तर विहीर लवकर आटते एवढाच काय तो फरक. पीक वाढत नाही. संगणकाच्या दुकानात हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे सगळी चर्चा मोटरचीच.

माझ्याकडे जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे, सहा जीबीचे. जुलै २०१६ मध्ये ते बाजारात आले. खेळांच्या दुनियेत एवढे वय म्हणजे म्हातारपण. पण एके काळी या कार्डाचा थाट होता. संगणकावरचे खेळ विकणारी ‘स्टीम’ आपल्या ग्राहकांच्या यंत्रांची दरमहा पाहणी करते, आणि त्या पाहणीत कित्येक वर्षे जगात सर्वाधिक वापरले जाणारे कार्ड हेच होते. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या माझ्या खोलीत जे यंत्र होते, तेच ब्राझीलमधल्या पोराकडेही होते. त्यामुळे आपण मागे पडलोय असे कधी वाटले नाही. सगळेच मागे असले की कोणीच मागे नसते.

आईचा युक्तिवाद चार शब्दांचा आहे : ‘चालू हाये, मंग कायले?’ अनेक वर्षे मला तो पटतही होता. कार्ड जुने असले तर काय व्हायचे? चित्र थोडे कमी सुंदर दिसायचे. सावल्या ‘हाय’वरून ‘लो’वर आणायच्या, गवत विरळ करायचे, की खेळ चालू. पण दोन गोष्टींनी हा युक्तिवाद खिळखिळा केला. एक म्हणजे हे कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांनुसार सुधारलेले ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी. प्रकाशाचा प्रत्येक किरण कुठून निघाला आणि कशावर आपटून डोळ्यात आला, याचे गणित मांडणारी ‘रे ट्रेसिंग’ पद्धत २०१८ च्या आरटीएक्स कार्डांपासून घराघरांत आली. बरीच वर्षे ती ऐच्छिक होती. मग डिसेंबर २०२४ मध्ये इंडियाना जोन्सचा ‘द ग्रेट सर्कल’ आला आणि मे २०२५ मध्ये ‘डूम : द डार्क एजेस’. या दोघांना ती सोय कार्डातच हवी. नसेल तर सावल्या कमी करून भागत नाही. दार बंद.

म्हणून नव्या कार्डांची चौकशी सुरू केली. पहिला उमेदवार आरटीएक्स ५०६०. मे २०२५ मध्ये आलेले, किंमत तीस हजारांच्या आसपास. माझ्या कार्डात १२८० कोअर, यात ३८४०. पिढ्या वेगळ्या असल्याने हा हिशोब सरळ तिपटीचा नाही, पण झेप मोठी आहे हे खरे. मेमरी मात्र आठ जीबी. जवळजवळ नऊ वर्षांत फक्त दोन जीबींची भर! इथेच मन डळमळते आणि दुकानदाराला नेमके तेच हवे असते. ‘भाऊ, थोडे अजून टाका ना, ५०६० टीआय येते.’ टीआय आठ जीबीचे घ्यावे, तर थोडे आणखी टाकून सोळा जीबीचे मिळते. तिथवर गेलोच आहोत, तर थोडे आणखी टाकून ५०७० येते. पण त्यात मेमरी पुन्हा बारा. प्रत्येक पायरीवर काहीतरी मिळते आणि काहीतरी मुद्दाम राखून ठेवलेले असते. ही शिडी ज्याने बांधली त्याला माणसाचे मन आमच्या कीर्तनकारांइतके कळते.

दुसरा रस्ता जुन्या कार्डांचा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम हे आभासी चलन ग्राफिक्स कार्डांवर खोदणे बंद झाले आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डे ढिगाने बाजारात आली. ती अजूनही फिरताहेत. विकणारा प्रत्येक जण शपथेवर सांगतो, ‘मायनिंगचं नाही भाऊ, घरच्या पोराचं हाये.’ एवढी घरची पोरे अकोल्यात आहेत, हे मला नव्याने कळले.

मी शिकलो कृषी विद्यापीठात. लिबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध केलेला एक नियम तिथे पहिल्याच वर्षी कानावर पडतो : पिकाला जे सगळ्यात कमी पडते, तेच उत्पन्न ठरवते. जमिनीत जस्त कमी असेल तर युरियाची पोती ओतून उपयोग नाही. कपाशी पिवळी ती पिवळीच. म्हणून खत घेण्याआधी माती तपासायची. मीही माझ्या यंत्राची माती तपासायला घेतली.

सुरुवात मॉनिटरपासून. माझा मॉनिटर फुल एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८०, एकूण वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके. तो सेकंदाला साठ चित्रे दाखवतो. कार्डाने सेकंदाला दीडशे चित्रे काढली तरी मला साठच दिसणार. मग प्रोसेसर : सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, चार कोअरचा. नव्या खेळांत गर्दीचा बाजार आला की तो धापा टाकतो, आणि तेव्हा कार्ड नुसते वाट पाहत बसते. विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही हा प्रोसेसर नाही. तो बदलावा तर बोर्ड बदलावा लागतो, बोर्ड बदलला की रॅम. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटरे मेमरीच्या चिपा पोत्यांनी उचलू लागल्यापासून रॅमचे भाव तुरीसारखे चढले आहेत. तीस हजारांचा प्रश्न असा बघता बघता लाखाकडे सरकतो. एक सुटे कार्ड बदलणे हा मुळात भ्रम आहे. बदलायला निघालो की अख्खे बिऱ्हाडच हलते.

पण या तपासणीत सगळ्यात मोठी अडचण यंत्राबाहेर निघाली. आमचे घर मोर्णा नदीच्या या काठाला, राजराजेश्वराच्या मंदिरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. तळमजल्याच्या भिंती आजोबांच्या काळच्या, मातीच्या आणि हातभर जाड. तिथे वैशाखातही जीव राहतो. संगणक मात्र वरच्या स्लॅबच्या खोलीत. अकोल्याचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढेच सांगतो, की २०२४ च्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी कलम १४४ लावले होते. जमावबंदी, आणि कारण सूर्य! परीक्षण करणारे लोक कार्ड तपासतात ते वातानुकूलित खोलीत. माझ्या खोलीत रात्री दहाला भिंत तापलेली असते. कार्ड त्र्याऐंशी अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. विकत घेतलेला वेग उन्हाळ्याचे तीन महिने असा भिंतीला जातो.

शिवाय कार्डाने खाल्लेली वीज कुठे जाते? जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत येते. आमच्याच जिल्ह्यात पारसला अडीचशे मेगावॉटचे दोन संच कोळसा जाळून वीज करतात. अशा धगीतून निघालेली वीज तारांतून येते आणि माझ्या टेबलाखाली पुन्हा धग होऊन बसते. वर कूलर लावावा तर त्याची ओली हवा आणि गल्लीतली धूळ कॅबिनेटच्या पंख्यावर लगदा करतात. दर उन्हाळ्यात कूलरच्या ताट्या बदलतो, तेव्हाच कॅबिनेट उघडून ब्लोअर मारणे हा आमच्याकडचा विधीच आहे.

या एका निकषाने दुकानदाराची शिडी मधेच तुटली. ५०७० अडीचशे वॉट खाते, टीआय सोळा जीबी एकशे ऐंशी, ५०६० एकशे पंचेचाळीस. माझ्या खोलीला अडीचशे वॉट झेपत नाहीत, मग ते कार्ड कितीही गुणी असो. आणि गंमत अशी, की ज्या उन्हामुळे नवे कार्ड घेऊ नये असे वाटत होते, तेच नव्या कार्डाच्या बाजूने साक्ष देऊ लागले. माझे जुने कार्ड एकशे वीस वॉटचे. साठ चित्रे काढताना ते पूर्ण ताकद लावते. नव्याला साठवर बांधून ठेवले, तर तेच काम ते अंग राखून करते. वीज कमी, धग कमी. यंत्र मोठे घ्यायचे आणि जपून चालवायचे, हा जाहिरातीत न बसणारा फायदा.

एवढे झाल्यावर उरतो तो प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. मी खेळतो काय? माझे जुने दोस्त पुण्यात हिंजवडीला नोकरी करतात. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी मात्र सगळे घरी. गांधीग्रामहून पूर्णा नदीचे पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात, त्या रात्री आमच्या गल्लीत झोप नावाची वस्तू नसते. एरवी आमची भेट पडद्यावर, शिफ्ट जुळली तर शनिवारी. तेव्हा आम्ही खेळतो ‘एज ऑफ एम्पायर्स टू’. मूळ खेळ १९९९ चा. नव्या रूपातही तो माझ्या कार्डाला घाम फोडत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ मी याच कार्डावर खेळलो. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ती गोष्ट. त्यातली पहाडी शैलीची चित्रे पाहताना किरणांच्या गणिताची आठवणही झाली नाही.

म्हणजे मला हव्या असलेल्या खेळांत अडलेय ते एका इंडियाना जोन्सपाशी. एका खेळासाठी तीस हजार, ही गरज नव्हे. ही हौस. आणि हौसेला मोल नसते असे आपल्याकडेच म्हणतात. माझा आक्षेप हौसेला नाही, हौसेला गरजेचे कपडे घालून ताळेबंद मांडण्याला आहे. गरज असेल तर हिशोब करावा. हौस असेल तर एवढेच पाहावे, की तिची किंमत घरातले दुसरे कोणी मोजत नाही ना.

याच टप्प्यावर भाच्याने सगळे गणित फिरवले. बहीण डाबकी रोडला राहते. तिच्या घरी अभ्यासासाठी घेतलेला साधा संगणक आहे, त्यात वेगळे कार्डच नाही. ‘मामा, जीटीए पण अटकून रायलं,’ ही त्याची कायमची तक्रार. लिबिखचा नियम इथे लावून पाहिला आणि चक्क उत्तर मिळाले. नव्या कार्डाने माझ्या यंत्रात एक बंद दार उघडेल. माझे जुने कार्ड त्याच्या यंत्रात गेले तर दहा वर्षांची सगळी दारे एकदम उघडतील, कारण तिथे कमी आहे ती नेमकी हीच वस्तू. तेच खत, पण ज्या वावरात ते नाही तिथे पडलेले. तीस हजारांचे पीक माझ्या खोलीपेक्षा डाबकी रोडला जास्त येणार. ही हौसेला सापडलेली सोयीची सबब आहे, असे आई म्हणते. असेलही. पण सबब खोटी नाही.

तेव्हा ठरले ते असे : ५०६० घ्यायचे, कूलर बाहेर निघण्याआधी. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, मॉनिटर यांना हात लावायचा नाही. कार्ड साठ चित्रांवर बांधून ठेवायचे. १०६० ला सहा पिनांची वेगळी वायर लागते आणि भाच्याच्या संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसला ती नाही, म्हणून एक बरा एसएमपीएस त्याच्यासाठी. बहिणीने याला एका अटीवर होकार दिला. भाच्याच्या बारावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत जुने कार्ड माझ्याच कपाटात राहील. तिच्या घरात सध्या सगळ्यात कमी काय आहे, हे तिला लिबिख न वाचता ठाऊक आहे.