सात किलोंचा संसार

आग्नेय आशियातील स्वस्त विमानसेवा प्रवाशाला सोबत नेण्यासाठी साधारणतः सात किलो सामान विनाशुल्क नेऊ देतात. त्यापुढे वजनाचे वेगळे पैसे मोजावे लागतात, आणि दोन-अडीच महिन्यांच्या भ्रमणात चार-पाच उड्डाणे झाली की ती रक्कम एखाद्या तिकिटाच्या घरात जाते. व्यापारी घरातील माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. अवघड असते ते प्रत्यक्ष सात किलोंत बसणे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका दांपत्याने दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन केले, दुकान मुलाच्या हाती सोपविले आणि थायलंड व लाओस या देशांच्या वाटेची तयारी आरंभली. दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली. नवी हळद यार्डात येण्यापूर्वी परतायचे, एवढीच अट. सोबत स्वयंपाकी घेऊन निघणाऱ्या यात्रा कंपनीची सोय त्यांनी मुद्दाम टाळली होती. मात्र तशा सहलीत स्वयंपाकघर गाडीतून येते. स्वतंत्र निघणाऱ्याला ते पाठीवर घ्यावे लागते.

दुकानातील काट्यावर पहिल्या भरणीचे वजन झाले, तेव्हा त्यांची सॅक साडेअकरा किलो आणि तिची तेरा किलो भरली. त्यांपैकी सहा किलो निव्वळ खाद्यपदार्थ होते: खाकऱ्यांच्या थप्प्या, भाजलेले पोहे, लाडू, मेतकूट, लसूण न घातलेली भडंग. त्या सहा किलोंत अन्न थोडे आणि धास्ती अधिक होती. परमुलुखात आपल्याला चालेल असे काय मिळणार, ही धास्ती.

ती कमी झाली एका शब्दाने. थायलंडमध्ये शाकाहारासाठी दोन शब्द प्रचलित आहेत. पहिला ‘मांगसविरात’, ‘मांसविरती’ या संस्कृत शब्दाचेच ते थाई रूप. पण त्या नावाच्या पदार्थांत अंडी व लसूण असू शकतात. दुसरा शब्द ‘जे’. चिनी बौद्ध परंपरेतून आलेल्या या आहारात मांस, मासे, अंडी तर नाहीतच, शिवाय कांदा, लसूण व तत्सम उग्र वनस्पती, इतकेच नव्हे तर दूधही वर्ज्य असते. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत हा शब्द लिहिलेली दुकाने मोठ्या शहरांत सापडतात. साधारणतः ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस पाळल्या जाणाऱ्या उत्सवात तर रस्तेच्या रस्ते त्या पताकांनी पिवळे होतात. लाओसमध्येही हा शब्द समजतो. जैन घरासाठी एक सावधगिरी मात्र उरते. ‘जे’ आहारात मुळा, बटाटा यांसारखी कंदमुळे निषिद्ध नाहीत. ती वेगळी सांगावी लागतात.

सहा किलोंचे दोन किलो झाले. भात सर्वत्र मिळतो, केळी आणि पपई मिळते. मग सोबत हवे ते मूग, हिंग-हळद-मिठाची पुडी, मेतकूट आणि अडीअडचणीसाठी चुरमुरे व खजूर. खाकरे गाळले गेले. त्यांचे वजन फारसे नसते, पण जागा फार अडवतात आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा भुगा होतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊन वाहण्याचेही कारण राहिले नाही, कारण थायलंडच्या गल्लीबोळांत नाणे टाकून शुद्ध पाणी भरून घेण्याची यंत्रे असतात. गाळण्याचे फडके तेवढे सॅकच्या वरच्या कप्प्यात राहिले.

कपड्यांबाबत अडत्याची नजर कामास आली. जो माल दहा दिवस हलत नाही, तो पडून राहिलेला माल. प्रत्येकी तीन जोड: एक अंगावर, एक दोरीवर, एक सॅकमध्ये. रात्री धुऊन सकाळी वाळेल असेच कापड. उत्तर थायलंड व लाओसमध्ये हिवाळ्याच्या पहाटे चांगल्याच गार असतात. त्यासाठी जाड स्वेटरऐवजी आतून घालायचा पातळ उबदार जोड आणि वरून वारा अडवणारे जाकीट. अर्ध्या किलोची एक सुती साडी मात्र तिने हट्टाने ठेवली आणि तो हट्ट योग्यच ठरला. चादर, पडदा, पंचा, मंदिरात जाताना खांदे झाकणारे वस्त्र, अशी चार कामे त्या साडीने केली.

दांपत्याच्या प्रवासाचा खरा प्रश्न येथून पुढे असतो. दोन माणसांना दुप्पट सामान लागत नाही. किटली एक, चार्जर एक, साबण एक, दोरी एक. पण विमान कंपनीचे सात किलो दोघांना सारखे असले, तरी दोघांच्या पाठी सारख्या नसतात. पन्नास किलोंच्या देहाला आणि दुखऱ्या गुडघ्याला सात किलो निराळे लागतात. विमानतळावर सात-सात आणि रस्त्यावर साडेआठ-साडेपाच असा तोडगा त्यांनी सुचविला. तिला तो अर्धाच मान्य झाला. “अहो, माझं मला उचलवतं तेवढं मी घेईन. नंतर तुमचे खांदे चेपत बसायला लावू नका.” शेवटी किटली त्यांच्याकडे गेली आणि मूग तिच्याकडे राहिले, कारण मूग रोज घटतात.

या विभागणीतील उणीव मेकाँग नदीवर उघडी पडली. थायलंडची हद्द ओलांडली की हुए साय येथून लुआंग प्राबांगला जाणारी संथ बोट दोन दिवस घेते. रात्रीचा मुक्काम पाकबेंग या गावी. बोट उशिरा सुटली. सर्व सामान फळ्यांखालच्या पोकळीत गेले आणि दोघांचा दुपारनंतरचा डबा व त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्याच सॅकमध्ये, इतरांच्या ओझ्याखाली दबल्या. डोंगरांच्या कुशीत सूर्य लवकर लपतो. पाचच्या सुमारास नदीवर सावल्या उतरू लागल्या, पाकबेंग अद्याप दिसत नव्हते आणि सूर्यास्तानंतर दोघेही जेवत नसत. तिच्या कमरेच्या पिशवीत चुरमुऱ्यांची एक पुडी आणि मूठभर खजूर होते. ते दोघांत वाटून खाल्ले, पाणी प्याले, आणि बोट काठाला लागली ती अंधारात. दुसऱ्या सकाळी सॅक पुन्हा उघडल्या गेल्या. गोळ्यांचे दोन वाटे झाले, पासपोर्टच्या प्रतींचे दोन, आणि एका वेळचे अन्न प्रत्येकाच्या अंगावरच्या पिशवीत. वजनात शे-दीडशे ग्रॅमची भर पडली, तिला कोणी हरकत घेतली नाही.

मेकाँग आणि नाम खान यांच्या संगमावरील लुआंग प्राबांगला 1995 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पहाटे येथील विहारांतून केशरी चीवरांतील भिक्षू एका ओळीने अनवाणी निघतात आणि गुडघे टेकून बसलेले गावकरी त्यांच्या पात्रांत चिकट भाताचे घास घालतात. पाहुण्याने दूर, शांत उभे राहावे, एवढीच तेथील अपेक्षा. परंपरेने भिक्षूची मालमत्ता आठ वस्तूंची: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंध आणि पाणी गाळण्याचे साधन. हे शेवटचे नाव कळल्यावर ती क्षणभर थबकली. तिच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात तेच होते.

रात्रीच्या बाजारात तिने एक सुती ‘सिन’, म्हणजे लाओ स्त्रिया नेसतात ते विणलेले वस्त्र, घेतले. रेशमी घ्यायचे नव्हतेच. आत आले तितके बाहेर, या ठरावानुसार एक पंजाबी पोशाख अतिथिगृहातील मदतनीस बाईंना दिला. तेथील भाजीच्या काट्यावर दोन्ही सॅक पुन्हा तोलल्या, तेव्हा त्यांची साडेसहा आणि तिची पाच भरली. मूग संपत आले होते. राजधानी व्हिएन्टियनला नेणारी, 2021 मध्ये सुरू झालेली रेल्वे सुमारे दोन तासांत पोहोचते. दुपारची गाडी धरण्यापूर्वी त्यांनी भात आणि केळी बांधून घेतली, दोन पिशव्यांत निम्मी निम्मी.