राहून गेलेला दुखवटा

साथीने किती देह नेले याचा हिशेब सरकारी दप्तरांत सापडतो; मनांचा हिशेब कोणी मांडावा? कोव्हिडच्या पहिल्याच वर्षी चिंता व विषण्णता यांचे प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. परंतु आमच्या घणसोली गावच्या अरुंद गल्लीत या आकड्यास कोणते रूप आले, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ कळावयाचा नाही.

ठाण्याच्या खाडीकाठचे हे आगरी-कोळ्यांचे गाव. भोवती सिडकोने शहर वसविले, तरी गावठाणात घरास घर लागून आहे. एका ओटीवर कोणी खोकले तर चार घरांत ऐकू येते. अशा ठिकाणी २०२० च्या मार्चअखेर 'अंतर राखा' असा हुकूम आला. देहांत अंतर फारसे पडलेच नाही. पडले ते मनांत. त्यातच अंत्यविधीस वीसांहून अधिक माणसे नकोत, असा नियम झाला.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंचे यजमान त्या वर्षी रुग्णालयातून परतले नाहीत. दुखवट्यास कोणी फिरकले नाही. घरात सून तेवढी, तीही आजारी म्हणून वेगळ्या खोलीत. वर्ष उलटले तरी बाई दोघांचा भात रांधीत, रात्र रात्र जागत. 'बाहेरचे काही आहे' म्हणून भगताकडे नेण्याची बोलणी सुरू झाली. (भगत निदान माणसाजवळ बसतो, हे त्याच्या निंदकांनी विसरू नये!) अखेर सुनेने त्यांस मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. औषध थोडे, बोलणे फार. आणि एक विलक्षण सूचना: भावकीतील बायकांस आता तरी बोलवा. त्या आल्या. दीड वर्ष राहून गेलेले रडणे त्या दुपारी झाले. पुढे हळूहळू झोप आली; भात मात्र एखादे दिवशी अजून उरतो.

शोक हा रोग नव्हे. त्याचा रोग होऊ नये म्हणूनच आपल्या वाडवडिलांनी दहा दिवस घर माणसांनी भरलेले ठेवले असावे, असे आम्हांस वाटते. तथापि आठवडेच्या आठवडे झोप व अन्न तुटले, जगणे नकोसे झाले, तर शेजार पुरत नाही, वैद्य हवाच. २०१७ च्या कायद्याने असे उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' या सरकारी सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. दूरध्वनी करणाऱ्यास कोणी वेडा म्हणत नाही. म्हणतात ते शेजारी. गावातील फलकावर पाण्याच्या वेळा लिहितात, त्यांच्याखाली या पाच आकड्यांपुरती जागा सहज निघेल.