अक्षरशत्रू

2005 सालच्या दिवाळीत माझा पुतण्या तोक्योहून चार दिवसांसाठी ठाण्याला आला आणि जाताना पानाच्या डब्याएवढे एक यंत्र माझ्या हातावर ठेवून गेला. "काका, तुमच्या त्या सतरा वह्या आता अडगळीत टाका. पत्ते, तारखा, हिशेब, टिपणे, सगळे यात मावते." स्वतःसाठी तो नवे यंत्र घेणार होता, म्हणून जुने काकाला! घरातल्या वडीलधाऱ्यांकडे नव्या जगातल्या वस्तू बहुधा याच वाटेने येतात.

वस्तू मात्र मोठी देखणी होती. शार्प कंपनी 'झॉरस' या नावाची हातात मावणारी टिपणयंत्रे 1993 पासून काढीत असे. त्यांतलेच हे 2004 च्या अखेरीस निघालेले. झाकण उघडले की खाली इवल्या इवल्या कळा आणि वर रंगीत पडदा. पडदा गर्रकन फिरवून उलटा मिटला की खुशाल पाटीसारखे हातात धरावे आणि लेखणीने लिहावे. हे घडीचे झॉरस जपानच्या बाजारासाठी काढलेले, म्हणून त्यातला शब्द न् शब्द जपानी. तरीही इंग्रजी बोलणारे परदेशी शौकीन ते मुद्दाम जपानमधून मागवीत आणि आतली भाषा पालटण्याच्या युक्त्या एकमेकांना कळवीत, असे पुतण्याने सांगितले. "तुमचेही इंग्रजी करून देतो," असे म्हणाला खरा. पण चारांतले तीन दिवस फराळात नि भेटीगाठींत गेले, आणि चौथा विमानतळावर. निघताना म्हणाला, "पुढच्या खेपेला नक्की. तोवर चित्रे पाहून चालवा."

चित्रे पाहून चालवा! चौतीस वर्षे कचेरीत इंग्रजी पत्रांचे मसुदे लिहिलेल्या माणसाला हे ऐकावे लागले. आमच्या चाळीत कुणाला इंग्रजी कागद आला की तो आधी माझ्याकडे येई. आणि आता माझ्यापुढे अक्षरांचा असा काही बाजार मांडलेला, की त्यात ओळखीचा एक चेहरा नाही. जपानी लोक एका वाक्यात तीन प्रकारची अक्षरे घालतात. हिरागाना गोलसर, काताकाना काटकोनी, आणि चिनी वळणाची कांजी म्हणजे घरात सामान रचावे तशा रेघांच्या चळती.

कुणाला विचारणे शक्य नव्हते. मग मी जागा पाठ केल्या. डावीकडून तिसरे चित्र दाबले की पत्ते. यादीतली दुसरी ओळ म्हणजे जपून ठेवणे, शेवटून दुसरी म्हणजे पुसून टाकणे. एवढे लक्षात राहीना म्हणून हे सारे एका वहीत लिहून काढले. थोडक्यात, वह्या अडगळीत टाकण्यासाठी आलेल्या यंत्रापायी घरात अठरावी वही आली!

पुतण्या रविवारी टेलिफोन करी, तेव्हा मी एकेक अक्षर त्याला वर्णन करून सांगे आणि तो अर्थ सांगे. असेच एकदा दिनदर्शिकेवरचे वार विचारले. तो म्हणाला, "रवि म्हणजे सूर्य, सोम म्हणजे चंद्र. पुढे अग्नी, पाणी, लाकूड, सोने, माती." मला गंमत वाटली. पण जपानीत मंगळाला अग्नितारा म्हणतात, बुधाला जलतारा, गुरूला काष्ठतारा, शुक्राला सुवर्णतारा आणि शनीला मृत्तिकातारा. म्हणजे वार आपलेच की! भारतीय ज्योतिषाच्या आधाराने आठव्या शतकात चिनी भाषेत झालेला एक ग्रंथ कूकाई नावाच्या बौद्ध भिक्षूने 806 साली जपानला नेला. त्यातून ही सात ग्रहांची रांग तिकडे पोचली.

पत्त्यांच्या पानाने तर मला खुर्चीवरून उठवले. नावे ज्या क्रमाने लावली होती तो क्रम असा: अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. च-वर्गाच्या जागी स आणि प-वर्गाच्या आरंभी ह सोडला, तर ही शाळेतल्या पहिल्या दिवसाची वर्णमाला. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत, त्या अभ्यासातून हा क्रम जपानी अक्षरांना लाभला. जी लिपी मला परकी म्हणून छळत होती, तिने माझेच गणगोत सांभाळून ठेवले होते.

या शोधाने मी जरा फुगलो आणि मार्गशीर्षात यंत्र घेऊन असोद्याला मायकडे गेलो. जळगावच्या शेजारचे असोदे हे आमचे मूळ गाव. थंडीत तिथे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत करतात. सोबत कळण्याची भाकरी. जेवण झाल्यावर मी मायजवळ बसलो. तिची ऐंशी उलटलेली. म्हटले, घराण्यातली माहिती हिच्याखेरीज कुणाला नाही, ती टिपून घ्यावी. कोण कुठे दिली, कुणाचा जन्म कधीचा, कोणते शेत कुणाकडून आले, असे ती सांगत गेली आणि मी इंग्रजी अक्षरांत टिपत गेलो. दोन संध्याकाळी लागल्या. सत्तर-एक नोंदी झाल्या.

तिसऱ्या दिवशी एक चुकलेली ओळ पुसायला गेलो. शेवटून दुसरी ओळ दाबली. यंत्राने काहीतरी लांबलचक विचारले. त्याखाली दोन उत्तरे होती: दोन अक्षरी 'हाइ' म्हणजे होय, तीन अक्षरी 'इइए' म्हणजे नाही. एवढे मला येत होते. पण यंत्राने काय विचारले ते येत नव्हते. मी 'होय' दाबले. पडदा कोरा झाला. 'सगळेच पुसू का?' असे ते विचारीत होते, हे मागाहून कळले.

माझा चेहरा पाहून माय म्हणाली, "काय झालं रे भाऊ?"

मी सांगितले.

"गेलं तं गेलं. मी हाये नं अजून," ती म्हणाली आणि पहिल्यापासून सांगू लागली. तोच क्रम, तीच नावे. मध्ये मी एक नाव चुकवले तर तिने दुरुस्त केले. इतके लक्षात कसे राहते, असे विचारले तर तिला प्रश्नच कळेना. अमकी जन्मली त्या साली विहीर आटली होती, तमक्याचे लग्न कापूस भिजला त्या हंगामातले. प्रत्येक नाव कशाला तरी बांधलेले होते.

टिपता टिपता माझा हात थांबला. माय आयुष्यभर जळगावला एकटी जाई. एसटी कुठे उभी राहते ते तिला ठाऊक होते, पाटी नव्हे. नोटा रंगावरून, औषधे बाटलीवरून, दुकाने दारातल्या माणसावरून. डावीकडून तिसरे, शेवटून दुसरे. गेला महिनाभर मी जे करीत होतो आणि ज्याचा मला एवढा अभिमान वाटत होता, ते ती ऐंशी वर्षे करीत होती. आणि यंत्रावर चुकलो तर माझी एक यादी गेली. ती चुकली असती तर? कुणी पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवताना तो काय विचारतो आहे हे तिला कुठे वाचता येत होते? माझ्यासारखेच तिलाही फक्त 'होय' म्हणता येत होते.

बहिणाबाई चौधरी याच गावच्या लेक. 1880 साली इथे जन्मल्या, 1951 साली जळगावला वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. गाणी टिपली मुलाने आणि नात्यातल्या एकाने, आणि 1952 साली त्यांचे पुस्तक निघाले. कचेरीत मी ही गोष्ट किती वेळा ऐटीत सांगितली असेल! 'आमच्या गावची माती हो!' पण घरातल्या मायला मात्र मी मनातून अडाणीच समजत आलो. ती काही कवयित्री नव्हती. पण टिपून घेण्याजोगे तिच्याजवळ काही आहे, हे कळायला मला साठी उलटावी लागली.

आणि एक गोष्ट आठवली. मी चौथीत असेन. कंदिलाच्या उजेडात अभ्यास करताना ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "माझं नाव कसं लिवतात रे?" मी पाटीवर लिहिले. तिने ते गिरवले. अक्षर इतके वाकडे आले की मी मोठ्याने हसलो आणि धाकट्या बहिणीला पाहायला हाक मारली. मायने पाटी तळहाताने पुसून मला परत दिली. पुन्हा कधी विचारले नाही.

यंत्रात पुतण्याच्या तिकडच्या ओळखीच्यांची नावे अजून होती. त्यांतले एक अक्षर मी तिला दाखवले. चौकोन आणि आत अधिकाची खूण.

"सांग, काय आहे?"

तिने डोळे बारीक केले. "हे तं वाफे पाडेल आहेत."

ते जपानी भाताचे खाचर होते, 'ता', म्हणजे शेत. मला ते टेलिफोनवर समजावून घ्यावे लागले होते.

मी लेखणी काढून पडद्यावर तिचे नाव लिहू लागलो. यंत्र हाताने काढलेले अक्षर ओळखते, पण जपानीच. मी एक अक्षर काढावे आणि त्याने त्याचे भलतेच काही करावे. माय पाहत होती. म्हणाली, "याले तं माझं नावबी येत नाही!" आणि हसली. मीही हसलो, पण या वेळी यंत्राला.

मग शेजारच्या पोराची पाटी मागून आणली. तिच्या नावाची तीन अक्षरे लिहिली आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. बोटे थरथरत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "वाकडं आलं."

"येऊ दे," मी म्हटले.

पुढच्या वर्षी पुतण्याने यंत्राचे इंग्रजी करून दिले. सोय झाली. आता ते यंत्र केव्हाच बंद पडले आहे आणि मायही नाही. तिने सांगितलेल्या नोंदी अठराव्या वहीत उतरवलेल्या आहेत. शेजारच्या पोराला मात्र मला नवी पाटी घेऊन द्यावी लागली. मायने ती जुनी कुणाला पुसूच दिली नाही.