प्लेटवरचा निळा

चाकणच्या एका टेस्ट लॅबमध्ये एंड्युरन्स टेस्टवरून उतरलेले क्लच उघडून बघणारे एक ज्येष्ठ तपासनीस हल्ली जरा भांडकुदळ झाले आहेत. कारण मोतीबिंदूचे ऑपरेशन. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश अडवते. नव्या भिंगातून तो सरळ आत येतो. दुसरा कुणी आभाळ बघत बसला असता. हे प्रेशर प्लेट बघत बसले.

इंजिनाशी त्यांचे भांडण नाही. शेल बेअरिंगचा वरचा मऊ थर झिजून खालचा तांबूस दिसू लागला, की काय समजायचे ते समजते. लायनर वरची रिंग जिथून परत फिरते तिथे सर्वांत जास्त झिजतो. बोअर गेज घातला की आकडा हातात. क्लचमध्येही अस्तराची जाडी मायक्रोमीटर सांगतो. रंगाचे तसे नाही.

तापलेल्या पोलादावर साधारण 220 अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि 300च्या आसपास निळा रंग चढतो. तक्ता सगळ्यांना पाठ असतो. पण तो पोलादाचा, आणि थोडा वेळ दिलेल्या तापाचा. प्लेट असते बिडाची. शिवाय रंग येतो तो ऑक्साइडच्या पापुद्र्याच्या जाडीमुळे, पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलसारखा; आणि ही जाडी जशी तापमानाने वाढते तशी वेळेनेही. घाटात हाफ क्लचवर एकदाच भडकलेली प्लेट आणि चाचणीत तासन् तास बेताने तापलेली प्लेट, दोन्ही निळ्याच निघू शकतात. मग दोष ड्रायव्हिंगचा की डिझाइनचा?

ते रंगाच्या कडा बघतात. गोलभर सारखा पसरलेला निळा वेगळा आणि ठिपक्या-ठिपक्यांचा वेगळा. ठिपके म्हणजे प्लेट ठरावीक जागीच टेकत होती. एखादा ठिपका 700 अंशांच्या बराच पुढे जाऊन झटकन निवला, तर तिथले बीड कडक होते आणि लेथवर टूल त्यावरून उडते. तेव्हा छेद घेऊन मायक्रोस्कोपखाली बघण्यावाचून गत्यंतर नाही, हे तेही मान्य करतात. कुरकुरत.

हाताखालची ट्रेनी मुलगी त्याच बिडाचे पॉलिश केलेले तुकडे भट्टीत कमी-जास्त वेळ ठेवून लॅबचा स्वतःचा तक्ता बनवते आहे. फोटो काढताना शेजारी करडे कार्ड ठेवते. काम चोख आहे, पण ‘यांना पृष्ठभाग वाचता येत नाही,’ असे ते म्हणत राहतात. खरे दुखणे ते चहाच्या वेळी स्वतःच सांगून टाकतात: वाद पडला की कुणीतरी ‘सरांना बोलवा’ म्हणावे, याची त्यांना चटक लागली आहे. पूर्वी ती जांभळा म्हणे तिथे ते तपकिरी म्हणत. आता दोघांचे जुळते, आणि हे जुळणे त्यांना मुळीच रुचलेले नाही.

बॅटरीच्या बहुतेक गाड्यांत क्लचच नसतो, हा विषय निघाला की ते उठून जातात.

राहता राहिले वर्कशॉपवाले. प्लेट चकचकीत दिसावी म्हणून ते पाठवण्याआधी तिच्यावर पॉलिश पेपर मारतात आणि रंग, धूळ, पुरावा सगळे एकदम पुसून टाकतात. प्लेट जशी निघाली तशीच, अस्तराच्या काळ्या भुकटीसकट पिशवीत घालून पाठवा, एवढे या तपासनिसांचे ऐकाच.