खाऱ्या पाण्याची टाकी : पहिला मासा येण्याआधी

खाऱ्या पाण्याच्या टाकीत माशाला सर्वांत मोठा धोका असतो तो त्याच्याच उत्सर्जनाचा. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. समुद्रात तो अफाट पाण्यात विरतो; काचेच्या आत साचतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4 असतो आणि पाणी जितके अल्कधर्मी, तितका अमोनियाचा मोठा हिस्सा विषारी रूपात राहतो. गोड्या पाण्यात निभावून गेलेली चूक इथे जिवावर बेतते ती यामुळे. टाकी तयार करणे म्हणजे मुख्यतः हा अमोनिया पचवणारी जीवाणूंची वस्ती माशाच्या आधी वसवणे.

सुरुवात जागेपासून होते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे 255 लिटर पाणी मावते. पाणी, काच, खडक, वाळू आणि स्टँड धरून वजन साडेतीनशे किलोच्या आसपास जाते. घरांच्या स्लॅबची रचना साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो वापरभार धरून केलेली असते, म्हणून अशी टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता तुळईच्या वर किंवा भिंतीलगत ठेवतात. याहून मोठ्या टाकीसाठी आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारावे. खिडकीतले थेट ऊनही टाळावे. त्याने पाणी तापते आणि शेवाळ फोफावते.

पाण्याच्या बाबतीत समुद्रकिनारी राहणाऱ्यांना कॅनमधून समुद्र घरी आणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. किनाऱ्यालगतचे पाणी पावसाळ्यात नद्यानाल्यांमुळे पातळ होते आणि शहरांजवळ त्यात सांडपाणी मिसळलेले असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट, कधी तांब्याचा अंश असतो. खरी सोय आरओच्या पाण्याची. मात्र स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचे पाणी सहसा चालत नाही, कारण पिण्याच्या चवीसाठी त्यात थोडे मूळ पाणी किंवा खनिजे परत मिसळलेली असतात. टाकीसाठी आरओनंतर उरलेले आयन काढणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा लागतो आणि विरघळलेले घटक मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसावे लागते.

या पाण्यात सॉल्ट मिक्स, म्हणजे टाकीसाठीचे तयार समुद्री मीठ, विरघळवतात. खाण्याचे मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराईड. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मात्र सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियमही असते. लक्ष्य असते लिटरमागे 35 ग्रॅम क्षारांचे, म्हणजेच 25 अंश सेल्सिअसला 1.025 ते 1.026 विशिष्ट गुरुत्वाचे. मीठ वेगळ्या पिंपात, फिरत्या पाण्यात थोडे थोडे सोडावे. उलट क्रमाने, मिठाच्या ढिगावर पाणी ओतले तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन चुनखडीसारखा गाळ बसतो आणि महागडे मिश्रण वाया जाते. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, आणि त्याची जुळणी साध्या पाण्यावर करण्यापेक्षा 35 क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर करावी.

टाकीत आधी खडक बसतात, मग वाळू. वाळूवर ठेवलेला खडक कुठल्या तरी उकरणाऱ्या माशाने हलवला की काचेवर कोसळतो. खडक सच्छिद्र हवेत, कारण जीवाणूंना राहायला पृष्ठभाग लागतो आणि एखाद्या फिल्टरपेक्षा तो खडकांच्या छिद्रांत कितीतरी जास्त असतो. भारतीय प्रवाळभित्तीतून उचललेला खडक कोणी ‘लाइव्ह रॉक’ म्हणून देऊ लागला तर तो नाकारावा. भित्ती बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातले असोत की लक्षद्वीपमधले, ते तोडणे किंवा विकणे गुन्हा आहे. सिरॅमिकचे किंवा कोरडे कृत्रिम खडक तेच काम करतात, थोडा वेळ जास्त घेतात एवढेच. जुन्या, निरोगी टाकीतला एखादा तुकडा मिळाला तर विरजणासारखा उपयोगी पडतो.

तापमान 25 ते 26 अंशांवर स्थिर ठेवायचे असते. महाराष्ट्रात हीटरपेक्षा उन्हाळ्याची चिंता मोठी, कारण पाणी तापले की त्यातला ऑक्सिजन घटतो. पृष्ठभागावर वारा सोडणारा पंखा पाण्याचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरवू शकतो. नागपूर-पुण्याच्या कोरड्या हवेत तो चांगला चालतो. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंद असल्याने चिलरला पर्याय उरत नाही. उडून जाते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर नेहमी साध्या आरओ पाण्याची घालावी.

मग येतो सर्वांत लांब आणि सर्वांत कंटाळवाणा टप्पा. बहुतेक टाक्या इथेच बिघडतात. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणे हे वेगवेगळ्या जीवाणूंचे काम आहे, हे सर्गेई विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास दाखवले. हे जीवाणू अतिशय सावकाश वाढतात, आणि दुसऱ्या टप्प्यातल्यांना खाद्य मिळते ते पहिल्यांचे काम सुरू झाल्यावरच. पूर्वी ‘कणखर’ म्हणून डॅम्सेल मासे सोडून ही वस्ती वाढवत. पद्धत क्रूर तर होतीच, शिवाय त्यातून वाचलेला डॅम्सेल पुढे टाकी आपल्या मालकीची समजून प्रत्येक नव्या माशाला हुसकावतो.

माशांविना हे काम अमोनियम क्लोराईडने होते. 200 लिटर पाण्यात सुमारे सव्वा ग्रॅम टाकले की अमोनिया लिटरमागे 2 मिलिग्रॅमवर येतो. रसायन प्रयोगशाळेच्या दर्जाचे हवे. कल्हईसाठी मिळणारा नवसागर तेच असला तरी त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. मात्रा जास्त झाली तर काम लवकर होण्याऐवजी रखडते. या काळात दिवे बंद ठेवावेत, पंप चालू ठेवावेत आणि दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने मोजत राहावे. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढते, मग नायट्राइट उतरून नायट्रेट साठते. पाण्यात नायट्राइट असताना नायट्रेटची चाचणी फुगलेला आकडा दाखवते, तेव्हा त्या वाचनावर विसंबू नये.

कोरड्या खडकांच्या टाकीला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतल्या जीवाणूंनी हा काळ घटू शकतो, पण ती बाटली तापलेल्या गोदामात पडून राहिली असेल तर आत जिवंत काही नसते. म्हणून दुकानदाराने सांगितलेले दिवस किंवा बाटलीवरचा दावा, दोन्ही बाजूला ठेवून एकच कसोटी लावावी. लिटरमागे 2 मिलिग्रॅमची मात्रा दिल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार. समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराईडमुळे नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतके बाधत नाही हे खरे. तरी ते उरले आहे याचा अर्थ साखळीतला दुसरा दुवा अजून कच्चा आहे. काचेवर आणि वाळूवर याच सुमारास तपकिरी थर चढतो. ते डायटम नावाचे सूक्ष्म शेवाळ असते, सिलिकेट संपले की बहुधा आपोआप ओसरते. शेवटी साठलेले नायट्रेट काढण्यासाठी अर्धे पाणी बदलावे.

टाकी तयार होत असतानाच विलगीकरणाची छोटी टाकी उभी करावी. तिच्यात खडक-वाळू काही नको. स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात. समुद्री पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या अंगावरून गळून तळाशी गुणाकार करतो, आणि एकदा मुख्य टाकीत शिरला की काढणे महाकठीण. त्यावरचे तांब्याचे औषध अपृष्ठवंशी जीवांना मारते आणि खडकांत मुरते, त्यामुळे उपचार वेगळ्या टाकीतच करावे लागतात. चार आठवडे निरीक्षण हा किमान काळ.

पहिला मासा म्हणून जोडीने राहणारा, संवर्धनात जन्मलेला क्लाउनफिश उत्तम. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाची तंत्रे विकसित केली आहेत, आणि हॅचरीतला मासा टाकीतले खाणे लवकर स्वीकारतो. मासा आणलेली पिशवी 15-20 मिनिटे विलगीकरण टाकीच्या पाण्यावर तरंगवून तापमान जुळवावे. लांबच्या प्रवासातून आलेली पिशवी उघडल्यावर कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. टाकीचे पाणी पिशवीत थेंब-थेंब मिसळण्यात तासभर घालवणे तिथे घातक ठरते. विलगीकरण टाकीची क्षारता आधीच पिशवीच्या पाण्याइतकी ठेवणे अधिक शहाणपणाचे. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

विलगीकरण संपेपर्यंत मुख्य टाकीतल्या जीवाणूंना अधूनमधून अमोनियाची छोटी मात्रा देत राहावे, नाहीतर वस्ती रोडावते. मासे आत गेल्यावर दिवे मंद ठेवून पहिल्या दिवशी खाणे अगदी कमी द्यावे आणि आठवडाभर अमोनिया रोज तपासावा. तो शून्यावर टिकला, तर आणखी दोन आठवड्यांनी पुढच्या माशाचा विचार करता येतो.