लंडनला निघण्यापूर्वी

एडिसन, न्यू जर्सी

चि. सई,


काल ताईचा फोन आला. कबीरला चार दिवस सांभाळायची तिची आनंदाने तयारी आहे, पण तू लंडनला दूध काढून ते विमानातून घरी आणणार, हे तिच्या गळी उतरत नाहीये. "एवढा खटाटोप कशाला? ओतून द्यावं!" मी म्हटलं, एकदा पंप लावून अर्धा तास बसून बघ, मग ओतायच्या गोष्टी कर.

आणू देतात गं. नियमच आहे तसा, कुणाची मेहेरबानी नाही. पण हा नियम आयता मिळालेला नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला आणि हातातल्या बॅगेत द्रव नेऊ न देण्याची, ही बाटल्यांची भानगड सुरू झाली. सुरुवातीला ब्रिटनमध्ये बाळाचं दूध आईबापांना तपासणीच्या टेबलापाशी चाखून दाखवावं लागे. अमेरिकेत दूध नेता यायचं, पण बाळ सोबत असेल तरच. आता बाळ कडेवर असेल तर बाटल्या भरून आणायची गरज कुणाला? बाळ घरी ठेवून जी कामाला जाते, तिलाच त्या लागतात. पण नियम करणाऱ्यांपैकी कुणाला हे सुचलं नव्हतं.

माझा ओंकार तेव्हा अंगावर पीत होता. ऑफिसच्या कामाहून परतताना एका विमानतळावर माझं सगळं दूध पिंपात गेलं. तपासणीवरची बाई उर्मट नव्हती. बाटल्या तरी परत घेऊन जा म्हणाली. दुधावर पिवळसर साय धरली होती, ती पिंपाच्या काळ्या पिशवीला चिकटून राहिली. २००७ च्या ऑगस्टमध्ये बाळ सोबत असण्याची अट गेली. तोवर ओंकार वरणभात खायला लागला होता.

तुझी खरी पंचाईत वेगळीच आहे. परतीच्या वाटेवर तुला दोन देशांच्या तपासण्या आहेत. लंडनला ब्रिटिश, आणि नेवार्कला उतरून शिकागोचं विमान पकडताना अमेरिकन. अमेरिकेत गोठवलेलं दूध हातातल्या बॅगेत चालतं, आइस पॅक अर्धवट वितळलेले असले तरी चालतात. ब्रिटनमध्ये नेमकं उलट. पातळ दूध एका बाटलीत दोन लिटरपर्यंत नेता येतं, बाळ बरोबर लागत नाही, पण गोठवलेलं दूध हातातल्या बॅगेत अजिबात नाही. इथल्या मैत्रिणी सांगतील, "सगळं फ्रीझ कर, सोपं पडतं." त्यांचं ऐकशील तर हीथ्रोवर अडकशील.

दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, म्हणजे पहिल्या दिवसाचं दूध घरी पोचेपर्यंत वेळ संपत आलेली असणार. म्हणून पहिल्या दोन दिवसांचं गोठव आणि निघताना चेक-इन बॅगेत टाक. ते वाटेत पूर्ण वितळलंच तर पुन्हा गोठवायचं नाही, चोवीस तासांत कबीरला पाजून संपवायचं. शेवटच्या दोन दिवसांचं पातळच ठेव, ते हातात. खोलीतल्या मिनिबारवर भिस्त ठेवू नकोस, बरेचदा तो जेमतेम गार असतो. स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये जागा द्या म्हणून हॉटेलला आधीच मेल टाक. आणि एक हातपंप जवळ असू दे. प्लग बसला नाही, मोटर बिघडली, तर मीटिंगच्या मधल्या सुट्टीत छाती दगडासारखी होते आणि दूध साकळलं की ताप चढतो. मग कसलं लंडन!

नेवार्कला रांगेतून पुढे गेलीस की कुणी विचारायच्या आत सांग, "यात आईचं दूध आहे," आणि बाटल्या वेगळ्या ट्रेमध्ये ठेव. एक्स-रेने दुधाला काही होत नाही. तरी तुला तो नको असेल, किंवा झाकण उघडू द्यायचं नसेल, तर तसं म्हणता येतं. त्या बदल्यात तुझी अंगझडती आणि सामानाची जादा तपासणी होईल. दुधात काही बुडवायची तपासणीवाल्यांना मुभा नाही. हातमोजे बदला, असं बिनधास्त सांग. २०१६ साली अमेरिकेत खास कायदा झाला, कर्मचाऱ्यांना याचं प्रशिक्षण द्यायचं म्हणून. तरीही "बाळ कुठाय?" विचारणारा एखादा भेटतोच. त्याच्याशी हुज्जत घालू नकोस, सुपरवायझरला बोलवायला सांग.

पंप करायला बाथरूममध्ये जाऊ नकोस. २०१८ च्या कायद्याने अमेरिकेतल्या मोठ्या आणि मध्यम विमानतळांना टर्मिनलमध्ये त्यासाठी वेगळी खोली ठेवावी लागते. तिला आतून कडी, बसायला खुर्ची, टेबल, प्लग सगळं असतं. आधी नकाशावर शोधून ठेव. नेहमी आपल्या गेटपासून सगळ्यात लांब असते ती!

नेवार्कला कस्टममधून बाहेर आलीस की मध्ये किती वेळ आहे ते कळव. दोन तास असतील तर मी हळिवाचे लाडू घेऊन येते. घट्ट वळलेले आहेत, त्यांना द्रवाचा शंभर मिलिलिटरचा नियम लागत नाही.

तुझी,
मावशी