खरंच घोड्याचा वास येतो हो!

आधी तो वास सांगते! अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातलं नागार्जुन वनौषधी उद्यान, जानेवारीतली सकाळ. तिथल्या एका काकूंनी गुडघाभर झाड मुळासकट उपटलं, माती झटकली आणि ओली मुळी मोडून माझ्या नाकाशी धरली. "घ्या नं ताई वास. घोड्यावानी येते का नाई?"

येतो! तबेल्यात शिरल्यासारखा! अश्वगंधा हा शब्द मी जन्मभर डबीवर वाचला, पण त्यात खराखुरा घोडा आहे हे मला त्या क्षणी कळलं.

आणि झाड तरी कोणतं? कागदी टरफलाआडची लालचुटूक फळं दिसली आणि मी ओरडलेच, अहो, ही तर ढोरगुंज! दर्यापूरकडच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर पैशापासरी उगवणारी, वांग्याच्या कुळातली, ढोरंही तोंड लावत नाहीत म्हणून आम्ही तण समजून उपटून फेकलेली. तिचं शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा. सोम्निफेरा म्हणजे झोप आणणारी!

झोप. दोन वर्षं मी तिच्यासाठी तळमळत होते. रात्री दोनला जाग, छातीत धडधड, उद्याची भीती आजच उशाशी. अमरावतीच्या वैद्यबाईंनी आस्कंदाचं, म्हणजे अश्वगंधेचंच, चूर्ण दिलं, पण आधी किती विचारलं! थायरॉईड आहे का? झोपेची गोळी चालू आहे का? लिव्हरचा काही त्रास? क्वचित लिव्हरला बाधतं, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी बंद, आणि गरोदर बाईला तर द्यायचंच नाही, असं बजावून मग रात्री कोमट दुधातून अर्धा चमचा. तिसऱ्या आठवड्यात एकदा जाग आली ती थेट पाखरांच्या आवाजानं. मी अंथरुणात बसून रडले.

मग वाचतच सुटले. हैदराबादेत ताणानं गांजलेल्या ६४ जणांवर झालेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम मुळीचा अर्क, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. साठ दिवसांनी अर्कवाल्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जवळजवळ २८ टक्क्यांनी उतरलेलं! माणसं थोडीच, पण मला तो आकडा वाचून कोण आनंद झाला!

त्याच संध्याकाळी गावी फोन लावला. "भाऊ, धुऱ्यावरची ढोरगुंज कोणी उपटू नका. मी येतेय बघायला."